फुईची कानबाई आणि पुड्यावरची बाई

आबांचा फोन आला तेव्हा मी जळगावला, आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत होते. आबा म्हणजे माझे वडील. फोनवर प्रस्तावना करायची त्यांना सवय नाही. "तुनी फुई गई," एवढंच म्हणाले. फुई म्हणजे आत्या. आमच्या खानदेशात तसंच म्हणतात. दुपारचं जेवण करून ती धुळ्याच्या आपल्या खोलीत खुर्चीत जरा पडली होती. शेजारच्या वहिनी चहाला हाक मारायला गेल्या, तर ती उठली नाही. हृदयाचं दुखणं जुनं होतं, डॉक्टरांनी आम्हाला सगळं सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे धक्का बसला असं म्हणवत नाही. मला पहिल्यांदा जे वाटलं ते सरळच लिहिते. मला वाटलं, बरं झालं, श्रावण होऊन गेला होता. एसटीत पारोळ्यापर्यंत मी रडत होते, पण त्या रडण्यात छातीवर दगड नव्हता. फुई श्रावणाच्या आधी गेली असती तर आबांना ते जन्मभर पुरलं असतं, आणि मलाही. का, ते सांगायचं तर तिच्या एका चित्राबद्दल सांगावं लागेल.

फुईचं नाव मंगला. शिरपूर तालुक्यातलं आमचं गाव कापसाचं. त्या गावातून शिकायला धुळ्याला गेलेली ती पहिली मुलगी, आणि गेली तीही चित्रकलेच्या डिप्लोमाला. आजोबांनी परवानगी कशी दिली, तर त्यांना वाटलं होतं की ड्रॉइंग म्हणजे पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचं काम. पुढे ती मुलींच्या शाळेत ड्रॉइंगची बाई झाली आणि शेवटपर्यंत धुळ्याच्या देवपुरातल्या दोन खोल्यांत राहिली. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणायची, "अगं, मला टर्पेंटाईनचा वास येतो. कोण सहन करणार?" दहावी झाल्यावर आबा मला कापूस वेचायला आणि नंतर सासरी धाडणार होते, असं काही नाही, आबा तसे नाहीत. पण पुढे काय शिकवायचं, कुठे, कोणाकडे ठेवून, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. फुईनं एका सुट्टीत येऊन माझी पिशवी भरली आणि मला धुळ्याला नेलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझ्या नावावर आहे खरी, पण ती घेताना माझ्या डोक्याला तेल, पोटाला भाकरी आणि परीक्षेच्या दिवसांत घराला शांतता फुईनं पुरवली. पाच वर्षं मी तिच्या चित्रांच्या वासात अभ्यास केला.

ती तेव्हा देवांची तैलचित्रं काढायची. जुन्या पद्धतीची, जशी मोठ्या देवळांच्या सभामंडपात असतात. देवीच्या शालूची चुणी न् चुणी दिसायची, समईचा उजेड एका गालावर पडून दुसऱ्या गालावर सावली यायची, नथीतला मोती ओला वाटायचा. शिरपूर, दोंडाईचा, रावेर, कुठून कुठून लोक मागायला यायचे. चित्र बघून माणसं नकळत हात जोडायची, आणि फुई मात्र घरी आल्यावर कंटाळून म्हणायची, "सगळं बरोबर आहे गं. पण ही देवी आपल्याकडची नाही. हिनं कधी चुलीपुढे बसून डोळे चोळले नाहीत."

मग एक दिवस सावद्याहून एक केळीचे व्यापारी आले. त्यांना पेढीवर लावायला लक्ष्मी हवी होती. फुईनं नेहमीचा कच्चा आराखडा दाखवला, कमळ, हत्ती, पाण्याची सुरई. ते संकोचून म्हणाले, "बाई, छान आहे. पण कमळ कशाला? आमच्या घरी लक्ष्मी कमळावरून नाही आली. केळीच्या खोक्यावरून आली. तिला खोक्यावर उभी करता का? आमचं लेबल दिसेल असं." फुईला राग आला. ते गेल्यावर तिनं ब्रश आपटला. "लेबल म्हणे! मी काय पेंटर आहे दुकानाच्या पाट्यांचा?" पण दोन दिवसांनी तिनं ते खोकं काढलं. पिवळाजर्द सपाट रंग, त्यावर हिरवी ठळक अक्षरं, छापील लेबलासारखी, सावली नाही, खोली नाही. आणि त्या भडक खोक्यावर तिची ती नेहमीची, उजेड-सावलीतली, शालूच्या हजार चुण्यांची लक्ष्मी. चित्र पुरं झालं तेव्हा आम्ही दोघी त्याच्यासमोर मटक्यातलं पाणी पीत उभ्या होतो. फुई म्हणाली, "आली की गं ही... आता आली."

तिथून तिचं वेड सुरू झालं. परदेशातल्या काही चित्रकारांनी डबे, बाटल्या, जाहिरातीतले चेहरे घेऊन चित्रं केली, त्याला पॉप आर्ट म्हणतात, हे तिनं डिप्लोमाच्या वेळी पुस्तकात वाचलं होतं. तेव्हा तिला ते श्रीमंतांचे खेळ वाटले होते. आता ती मला किराणा दुकानात घेऊन जायची आणि सामान राहायचं बाजूला, ती फळीवरचे पुडे बघत उभी. एकच पुडा, एकच चेहरा, ओळीत पन्नास वेळा. दुकानदार विचारायचा, "मॅडम, काय देऊ?" ही म्हणायची, "थांबा, बघू द्या." ती मला सांगायची की आपल्या घरांत देव आणि पुडे एकत्रच राहतात. देव्हाऱ्यात उदबत्तीचा खोका असतो, काडेपेटी असते, तेलाची पिशवी कोपऱ्यात टेकवलेली असते. आपण फक्त देवाकडे बघतो आणि बाकीचं नाही असं धरतो. "मी नाही असं धरणार नाही," ती म्हणायची.

आणि मग तिनं कानबाई काढायला घेतली. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कानबाई ही खानदेशची घराघरातली देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. तिला मूर्ती नसते. नारळाला डोळे, नथ, दागिने लावतात, वस्त्र नेसवतात, तीच कानबाई. नोकरीला मुंबई-सुरतेला गेलेली भाऊबंदकी, म्हणजे सगळे भाऊबंदसुद्धा, त्या दिवशी मूळ घरी येते. घरातल्या दर माणसाच्या नावानं एकेक मूठ गहू घेतात, त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात, आणि ते रोट घरच्यांनीच संपवायचे असतात, बाहेर कोणाला द्यायचे नाहीत. लग्न होऊन गेलेल्या मुलीला ते चालत नाहीत. फुई लग्न करून गेलेलीच नव्हती. त्यामुळे तिची मूठ आमच्या घरातच राहिली होती, आणि तिला त्याचा फार अभिमान होता. "मी पाहुणी नाही, मी रोटातली आहे," असं ती म्हणायची.

ते चित्र माणसाच्या उंचीचं होतं. मधोमध कानबाई, चेहऱ्याच्या जागी नारळच, चांदीच्या डोळ्यांचा. तिथं फुईनं काही बदललं नाही. पण त्याखाली तिनं अंग दिलं, नऊवारी पातळाचं, जुन्या तैलचित्रांतल्या देवीसारखं भरदार. त्या पातळाच्या चुण्यांसाठी मी खिडकीशी कितीतरी दुपारी उभी राहिले आहे, मानेला रग लागेपर्यंत. आणि कानबाईच्या मागे, दोन्ही बाजूंना, खाली पायापर्यंत, कपड्याच्या पावडरचा पुडा. त्या पुड्यावरची हसरी बाई. तीच बाई, तेच हसू, सपाट गुलाबी चेहरा, निळी साडी, ओळीमागून ओळी.

फुईला ते चित्र कानबाईच्या चौरंगामागे लावायचं होतं. श्रावणात ती ते टेम्पोत घालून गावी घेऊन आली. आबांनी ते आधी पाहिलं नव्हतं, बहिणीनं देवीचं चित्र काढलंय एवढ्यानंच ते खूश होते. भाऊबंदकी जमली होती. चित्रावरची चादर काढली. मग कोणाचं तरी पोर ओरडलं, "हाई ते आपली पावडरवाली!" आणि सगळं घर हसलं. खो खो हसलं. आबा नाही हसले. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. ते फुईला म्हणाले, "उचल हाई. आठे कानबाई बसस, किराणा दुकान नही."

फुई शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुझ्या त्या भिंतीवर बघ. कॅलेंडरवर लक्ष्मी आहे. तिच्या पायाखाली बोंडअळीच्या औषधाची जाहिरात आहे. रोज सकाळी तू तिला हात जोडतोस."

"ते कॅलेंडर शे," आबा म्हणाले. "साल सरनं का खाले उतरस. हाई कानबाई शे, मंगी. तिले अंग नही ऱ्हात. तू तिले अंग देनं, नि दुकानमा उभी करी दिनी. लोके हसनात तिले."

लोक कानबाईला हसले, हे आबांचं दुःख होतं. लोक चित्राला हसले, हे फुईचं. दोघंही आपापल्या जागी दुखावली होती. फुईनं चित्राला चादर गुंडाळली आणि संध्याकाळच्या गाडीनं रोट न खाता परत गेली. त्यानंतर काही श्रावण ती आली नाही. दिवाळीला यायची, आजारपणाला यायची, आबांशी पीकपाण्याचं बोलायची, कानबाईला नाही. आबा दर वर्षी गहू काढायला बसले की तिच्या नावाची मूठ घ्यायचे. आई त्याचा रोट करायची. बाहेर देता येत नाही आणि टाकता तर येतच नाही, म्हणून तो आबा स्वतः खायचे. पाण्याच्या घोटाबरोबर, भिंतीकडे तोंड करून... मी त्यांना एकदा म्हटलं, फोन करा तिला. ते म्हणाले, "ती चित्र सोडाव नही, मी कानबाई सोडाव नही. काय बोलू?" दरम्यान फुईचं हृदय अधू झालं. जिने चढताना ती मधल्या पायरीवर बसायला लागली. दर श्रावणाला माझ्या मनात एकच यायचं, हा शेवटचा तर नाही?

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस धुळ्यात एका छोट्या सभागृहात फुईच्या चित्रांचं प्रदर्शन तिच्या जुन्या विद्यार्थिनींनी भरवलं; मीही फुईसोबत तिथं थांबले होते. त्याच सुमाराला आबा जिजीला डोळ्यांच्या तपासणीसाठी धुळ्याला घेऊन आले होते. जिजी ही आबांची काकू, आमच्या भाऊबंदकीतली सगळ्यांत वडील बाई. तिचे मालक, म्हणजे माझे चुलत आजोबा, अजून काठी टेकत हिंडतात, त्यामुळे कानबाईची ओटी भरायचा पहिला मान जिजीचा. कमरेला चंची, चंचीत सुपारी आणि कुंकवाची डबी, ती कायम. दवाखान्यातून निघाल्यावर जिजीनं प्रदर्शन बघायचा हट्ट धरला, "मनी मंगीनं काय शे ते दखाड माले." आबांचा इलाज चालेना. तिला हात धरून ते आत आले, आणि माझ्याकडे न बघता दाराशीच उभे राहिले.

जिजीनं दारात चपला काढल्या. तिथं चपला काढायच्या नसतात, पण तिच्यामागे आलेल्या दोन बायकांनीही मग काढल्या. डोळ्यांत औषध घातलेलं, सगळं अंधुक. चालत चालत ती कानबाईच्या चित्रासमोर आली आणि थबकली. नारळाचे चांदीचे डोळे तिला दिसले असणार. तिनं पदर डोक्यावरून सारखा केला, वाकून नमस्कार केला, मग बाजूच्या बायकांकडे तिचं लक्ष गेलं. पुड्यावरच्या बायका. ओळीत उभ्या, हसणाऱ्या, निळ्या साड्यांतल्या. जिजीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज चढला.

"माय वं! इतल्या बाया कानबाईना दर्शनले उभ्या शेतस, नि एकनं बी कपायले कुकू नही? कोना घरन्या शेतस या? मंगी, तू काय करी ऱ्हायनी वं, घरनी बाई असीसन?"

आम्ही काही म्हणायच्या आत तिनं डबी काढली, बोट तोंडाशी नेऊन ओलं केलं आणि पहिल्या पुड्यावरच्या बाईच्या कपाळावर कुंकू टेकवलं. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. सभागृहाची व्यवस्था बघणारा मुलगा धावत आला, "आजी, हात लावू नका! चित्र खराब होईल!" फुई खुर्चीतून उठली नव्हती. तिनं हात वर करून त्याला थांबवलं. "लावू द्या," ती म्हणाली. "लावू द्या त्यांना."

आबा दारातून पुढे आले. "जिजी, अवो जिजी, ती साबणनी बाई शे! पुडावरनी!"

जिजीनं मागे वळूनही बघितलं नाही. "साबणनी राहो, नहीते सोनानी राहो. कानबाईना दारमा उनी शे ना ती? मंग कोऱ्या कपायनी कशी जाई?" आणि ती पुढच्या बाईकडे वळली. हात पोचेल तिथपर्यंत, खालच्या सगळ्या ओळींना तिनं कुंकू लावलं. वरच्यांना पोचेना, तर आबांनाच म्हणाली, "तू लंबा शे ना? उभा काय ऱ्हायना? धर माले."

आबांनी तिला कमरेला धरून उचललं. साठी उलटलेला माणूस आणि त्याच्या हातात नव्वदीला टेकलेली काकू, सभागृहाच्या मधोमध. आणि तसं तिला उचलून धरलेलं असताना आबांना हसू फुटलं. इतकं की जिजी ओरडली, "पाडशी माले!" फुईही हसायला लागली, तिला दम लागला, मी पाणी दिलं, ती पाणी पितानाही हसत होती. त्या श्रावणात गावी लोक हसले होते त्यातलं हे हसू नव्हतं. ऐकलं असतं तर कोणालाही कळलं असतं.

जिजीला खाली ठेवून आबा चित्रासमोर उभे राहिले. मीही पाहिलं. एकच चेहरा पन्नास वेळा छापल्यासारखा काढायचा, एकीत आणि दुसरीत काही फरक म्हणून ठेवायचा नाही, यावर फुईनं किती मेहनत घेतली होती ते मला माहीत होतं. आणि आता प्रत्येकीचं कुंकू वेगळं होतं. एकीचं ठसठशीत, एकीचं ओघळलेलं, एकीचं भुवईच्या वर तिरपं, एकीचं नुसतं बोट लागल्यासारखं फिकं. आता त्या पन्नास बायका होत्या. आमच्या भाऊबंदकीतल्या बायका ओटी भरायला रांगेत उभ्या राहतात, अगदी तशा. आबांनी कानबाईच्या पायापासून एकेक ओळ बघत बघत वर नजर नेली. मग फुईच्या खुर्चीशी येऊन म्हणाले, "श्रावणमा येशी ना?"

फुई म्हणाली, "येते भाऊ."

"हाई बी आन."

"यंदा मी एकटीच येते," फुई म्हणाली. "हिला काय घाई आहे?"

ती आली. जिना नव्हता, अंगणातून हळूहळू चालत आली. गहू काढताना आबांनी तिला समोर बसवलं आणि म्हणाले, तुनी मूठ तूच घे. तिनं घेतली. तिची मूठ लहान, बोटांच्या पेरांत निळा रंग मुरलेला. सोमवारी कानबाई नदीवर गेली तेव्हा फुई ओट्यावर बसून होती, तिला चालवत नव्हतं. रोट झाले तेव्हा तिनं तिचा रोट दुधात कुस्करून शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. आबा शेजारी बसून बघत होते. नंतर त्यांनी आईला सांगितलं, "आते माले दोन खावा नही पडाव." ते चेष्टेनं म्हणाले, पण म्हणून झाल्यावर उठून गोठ्याकडे निघून गेले, कोणी हाक मारली तरी वळले नाहीत.

दिवाळीच्या आधी फुई गेली. म्हणून त्या फोननंतर मला जे वाटलं ते वाटलं. माणूस जातं तेव्हा मागे राहिलेल्यांच्या घशात एखादा घास अडकून राहतो. आमच्या कोणाच्या घशात काही अडकलेलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर आबा आणि मी तिच्या खोल्या रिकाम्या करायला गेलो. घरमालक भले आहेत, घाई करत नव्हते. रंगांच्या ट्यूबा, ब्रश, ईझल मी तिच्या विद्यार्थिनींना दिले. बाकीची चित्रंही त्याच सांभाळणार आहेत. कानबाई टेम्पोत चढवायची वेळ आली तेव्हा टेम्पोवाला म्हणाला, आडवी टाका काका, हवा लागून उलटेल. आबा म्हणाले, आडवी नाही. मग ते स्वतः मागे चढले, फळीला पाठ लावून उभे राहिले आणि चित्राची चौकट दोन्ही हातांनी धरून, उभीच, धुळ्याहून गावापर्यंत घेऊन आले. मी पुढे बसले होते, आरशातून मला त्यांचे हात तेवढे दिसत होते. नरडाण्याला चहाला थांबलो, तर टपरीवरचा माणूस कुतूहलानं मागे येऊन बघायला लागला. "काय शे हो भाऊ? दुकाननी पाटी शे का?"

"कानबाई शे," आबा म्हणाले. "मनी बहीणनी काढेल शे." आणि चहा उभ्यानंच घेतला.

आता ते चित्र आमच्या मधल्या घरात आहे. फुईनं त्या कुंकवावर वार्निश मारलं नव्हतं. विद्यार्थिनी मागे लागल्या होत्या, टिकणार नाही म्हणून. ती म्हणाली होती, कुंकू काय टिकायला लावतात? तसंच होतंय. हवेनं, पंख्यानं, दाराच्या धक्क्यानं त्या कोरड्या कुंकवाची बारीक भुकटी चौकटीच्या खालच्या पट्टीवर जमते. सुट्टीला गेले होते तेव्हा पाहिलं, आई सकाळी झाडून घेताना तिथं थांबते. फडकं बाजूला ठेवते. पट्टीवरची भुकटी अनामिकेनं टिपते आणि आपल्या कपाळाला लावते. मग उरलेलं घर झाडायला लागते.